परत भट्टीत गेलं, म्हणून वाया गेलं नाही?

फौंड्रीवाल्यांच्या एका बैठकीत परवा एक वाक्य ऐकलं, त्याला टाळ्याही पडल्या. विषय होता कारखान्यातल्या टाकाऊ मालाच्या नोंदींचा. पुण्याहून आलेला एक तरुण पडद्यावर रंगीत आलेख दाखवत होता. मागच्या रांगेतून एक मुरब्बी कारखानदार उठले आणि म्हणाले, "साहेब, आमच्यात वाया जातंय कुठं? कास्टिंग बिघडलं की परत भट्टीत. बोरिंग निघालं की भंगारवाला दारात. मोजायचं काय आणि कुणासाठी?" सभागृह हसलं. तरुणाजवळ उत्तर नव्हतं, पुढची स्लाइड होती. त्यानं ती लावली.

उत्तर मी तिथंच द्यायला हवं होतं. पण चहा आला होता आणि भर सभेत वडीलधाऱ्या माणसाला अडवण्याचा धीर मला अजून आलेला नाही. म्हणून हे लिहितोय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत कॉस्टिंगच्या वह्या लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली. ते गृहस्थ अडाणी नाहीत. मंदीत तीनदा कारखाना बुडता बुडता वाचवलेला माणूस आहे. त्यांचं वाक्य त्यांच्या एकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं. पण कोल्हापूर, इचलकरंजी, भोसरी, सातपूर, कुठंही जा, जेवणाच्या सुट्टीत तेच वाक्य थोड्याफार फरकानं ऐकू येतं. इतक्या लोकांना पटलेल्या चुकीला उत्तर दिलंच पाहिजे.

आधी "परत भट्टीत" बघू.

समजा, एक फौंड्री महिन्याला २०० टन चांगली कास्टिंग गिऱ्हाइकाकडे पाठवते आणि तिचं रिजेक्शन ७ टक्के आहे. म्हणजे २०० टन जायला साधारण २१५ टन ओतावे लागले आणि १५ टन बाद झाले. हे १५ टन परत वितळतात, खरं आहे. पण साच्यात नुसतं कास्टिंग ओतलं जात नाही. रनर, रायझर, गेटिंग यांत जाणारा रसही ओतावा लागतो. साच्यात गेलेल्या रसापैकी ६५ टक्के कास्टिंगमध्ये उतरतो असं धरलं, तर बाद झालेल्या १५ टनांसाठी २३ टन लोखंड वितळवलेलं होतं. इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० युनिट धरा. चांगल्या भट्टीत थोडे कमी, जुन्या भट्टीत जास्त. २३ टनांचे झाले १३,८०० युनिट. युनिटला साडेआठ रुपये लावले तर १ लाख १७ हजार रुपये. दर महिन्याला. वर्षाला १४ लाख. आणि यातून विकण्याजोगा एक किलोही माल निघालेला नाही.

ही फक्त वीज झाली. त्या १५ टनांसाठी साचे भरले होते. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी जळली होती. कोअर बनवून, भाजून, बसवून झाले होते. पोरांनी उन्हाळ्यात भट्टीसमोर उभं राहून ओतलं होतं, फेटलिंगवाल्यानं ग्राइंडर मारला होता. भट्टीचं अस्तर तेवढं झिजलं, वितळताना काही लोखंड जळून स्लॅगमध्ये गेलं. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे भट्टीचे तास. ते कुठल्याच बिलात दिसत नाहीत. ज्या तासांत विकण्याचा माल निघाला असता त्या तासांत आपण कालचीच चूक पुन्हा वितळवत बसलो. भट्टीत परत गेलं ते फक्त लोखंड. बाकी सगळं धुराड्यातून, वाळूच्या ढिगातून आणि पगारपत्रकातून निघून गेलं.

आणि हे कारखान्यातच सापडलेलं रिजेक्शन. चाकणच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन, तिथं मशिनिंग होऊन, शेवटच्या बोअरमध्ये ब्लो होल उघडं पडलं की डेबिट नोट येते. तिच्यात त्यांच्या मशिनिंगचे पैसे असतात, दोन्हीकडचं भाडं असतं आणि खरेदी खात्यातल्या साहेबाचा फोन असतो. त्या फोनची किंमत कुठल्या खात्यात टाकायची, हे मला कॉस्टिंगच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

हिशेबाची ही रीत कुणा पर्यावरणवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. जर्मनीत तिचा उगम झाला, २००० नंतर जपानी कारखान्यांनी ती आपलीशी केली, आणि २०११ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ १४०५१. तिचं म्हणणं सुतारालाही कळेल इतकं साधं आहे. जो माल तुम्ही विकता तो एक उत्पादन आणि जो फेकता तो दुसरं उत्पादन. दोघांनाही कच्चा माल लागला, वीज लागली, मजुरी लागली. मग खर्च दोघांवर वजनाप्रमाणे वाटा. आपली नेहमीची रीत काय? सगळा खर्च चांगल्या मालावर टाकायचा आणि भंगाराचे आलेले पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून जमेला लिहायचे. त्यामुळे ताळेबंदात भंगार कायम कमाई म्हणूनच दिसतं. जितकं जास्त बिघडेल तितकं 'इतर उत्पन्न' वाढलेलं दिसेल! या खात्याकडे बघून खूश झालेले मालक मी पाहिलेत.

भंगारवाल्याबद्दलही एक सांगायला हवं, कारण भाषणात त्याचं नाव मोठ्या विश्वासानं घेतलं गेलं. या सगळ्या साखळीत तुमचा टाकाऊ माल न चुकता काट्यावर चढवणारा तो एकटा माणूस आहे. बोरिंगमध्ये कूलंट किती आहे हे तो हात घालून सांगतो आणि त्याप्रमाणे वजन कापतो. बिडाच्या बोरिंगमध्ये पोलादाचं टर्निंग मिसळलेलं त्याला लांबून दिसतं आणि भाव पाडायला निमित्त मिळतं. कुठल्या महिन्यात तुमच्याकडून जास्त माल निघाला, कुठल्या गिऱ्हाइकाचं काम तुम्हाला जमत नाही, हे त्याला तुमच्या मॅनेजरच्या आधी कळतं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं हे. फक्त इथं पीठ नेणारा कष्टाळू आहे, हुशार आहे आणि त्याच्याकडे वही आहे. दोष त्याला कसा द्यायचा?

आता "मोजायचं काय" याचं उत्तर. एक प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

पंपाच्या बॉडीचं काम होतं. पातळ भिंतीचं कास्टिंग, रिजेक्शन दोन आकड्यांत गेलेलं. बहुतेक कोल्ड शट. म्हणजे रस दोन बाजूंनी येऊन भेटतो, पण एकजीव होत नाही, सुरकुतीसारखी रेघ राहते. सुपरवायझरचा निकाल तयार होता: मोल्डर बेफिकीर आहेत. मोल्डर ठेक्यावरचे, परगावचे. बाद नगामागे त्यांच्या हिशेबातून पैसे कापले जात होते. दोघं काम सोडून गेले, त्यांच्या जागी नवे आले, रिजेक्शन होतं तिथंच.

आम्ही सॉफ्टवेअर आणलं नाही. दोनशे पानी वही आणली, तिला सुतळी बांधली आणि फेटलिंगच्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवली. साच्यांवर खडूनं क्रमांक टाकायला लावले: कितवी हीट, कितवा लॅडल, लॅडलमधला कितवा साचा. कास्टिंग बाद झालं की वहीत तो क्रमांक, वजन आणि दोष. बस. पहिले आठ दिवस वहीत काहीच धड नव्हतं. एकानं सगळीकडे "खराब" एवढंच लिहून ठेवलं होतं. एका पानावर तर कुणीतरी जेवणाच्या डब्यांचा हिशेब मांडला होता. दुसऱ्या आठवड्यात फेटलिंगच्याच एका पोरानं स्वतःहून रकाने आखले आणि मग वही बोलायला लागली.

सहा आठवड्यांनी बेरीज केली. लॅडलमधून पहिल्यांदा ओतलेल्या साच्यांत कोल्ड शट जवळजवळ नव्हतेच. शेवटच्या तीन-चार साच्यांत ते ठासून भरले होते. मोल्डर कोणीही असो, पाळी कुठलीही असो. लॅडल नीट तापवून घेतला जात नव्हता, झाकण नव्हतं आणि एका लॅडलमध्ये जास्त साचे उरकायची घाई होती. शेवटच्या साच्यापर्यंत रस थंड पडत होता. मोल्डरचा यात कणभरही संबंध नव्हता. लॅडल तापवायचा बर्नर दुरुस्त केला, पत्र्याचं झाकण केलं, लॅडलमागे साचे कमी केले. खर्च झाला तो एका दिवसाच्या रिजेक्शनपेक्षा कमी. महिन्याभरात ते कास्टिंग एक आकडी टक्क्यावर आलं.

या प्रसंगात मला वाचलेल्या पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते ती कापलेली मजुरी. जिथं आकडा नसतो तिथं नासाडीचा दोष घरंगळत खाली जातो आणि सगळ्यात कमी बोलू शकणाऱ्या माणसापाशी थांबतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. मोल्डरला लॅडलचं तापमान सांगण्याचा अधिकार नव्हता, सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. वहीनं ते सांगितलं. त्यामुळे "कुणासाठी मोजायचं" या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर मालकाचं नाव नाही, त्या मोल्डरचं आहे. कापलेले पैसे त्यांना परत मिळाले का, असं कुणी विचारेल. नाही मिळाले.

"ही थेरं मोठ्यांची, परदेशातली" हा पुढचा मुद्दा. तो ऐकताना मला आपल्या साखर कारखान्यांची आठवण येते. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून, आणि खासगी कारखान्यांत त्याच्याही आधीपासून, या महाराष्ट्रात टाकाऊ मालाची रोज, पाळीपाळीला मोजणी चालू आहे. उतारा प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतो. त्याच्या उलट बाजूला प्रयोगशाळेत दुसरा हिशेब लिहिला जातो: बगॅसमधून किती साखर गेली, प्रेसमडमधून किती, मळीतून किती. आणि शेवटी एक विलक्षण रकाना, अज्ञात घट. म्हणजे उसातून आत आलेल्या साखरेतून वरचं सगळं वजा केल्यावर जी कुठं गेली ते कळत नाही ती. मला हा रकाना फार आवडतो. आपल्याला काय ठाऊक नाही हे रोज आकड्यात लिहून त्याखाली सही करायची! किती कंपन्यांच्या गुळगुळीत वार्षिक अहवालांत एवढा प्रामाणिक रकाना असतो?

या रकान्यांचं मोल किती? दहा लाख टन गाळप करणारा कारखाना घ्या. एकूण घट उसाच्या वजनाच्या फक्त ०.१ टक्क्यानं कमी झाली तर हंगामात १,००० टन, म्हणजे १०,००० क्विंटल साखर जास्त मिळते. केंद्रानं २०१९ मध्ये ठरवलेल्या ३,१०० रुपयांच्या किमान विक्री दरानं धरली तरी ३ कोटी १० लाख रुपये. जास्तीचा ऊस नाही, नवी मिल नाही. कुठल्या मिलच्या रोलरमागे बगॅस ओला येतोय, कुठं पाणी जास्त मारलंय, कुठल्या पॅनमधून रस उतू जातोय, एवढंच बघायचं. चीफ केमिस्ट रात्री दोनला बगॅसचा नमुना का मागतो, हे त्याच्या हाताखालच्या पोराला हंगाम संपताना कळतं.

आणि आकड्यात सत्ता असते, हेही ऊस उत्पादकाला शिकवावं लागत नाही. काटामारीवरून आंदोलनं उगाच झाली नाहीत. वजन कोण करतो आणि ते कुणाला दिसतं, यावर पैसा कुणाच्या खिशात जातो ते ठरतं, हे तो सोसून शिकलाय. मग ज्या जिल्ह्यातला शेतकरी काट्यावर इतका जागरूक, त्याच जिल्ह्यातला कारखानदार स्वतःच्याच मालाला काटा लावायला का लाजतो?

लहान उद्योगांचं म्हणाल तर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेनं आणि आपल्या राष्ट्रीय उत्पादकता परिषदेनं 'डिझायर' नावाचा प्रकल्प भारतात राबवला होता. नावातच छोट्या उद्योगांतली नासाडी कमी करणं होतं. शेतीतल्या काडाकचऱ्यावर चालणाऱ्या कागद गिरण्या, कापड रंगवणारे कारखाने, कीटकनाशकं मिसळणारे कारखाने, असे घेतले होते. तिथंही सुरुवात एकाच गोष्टीनं झाली: आत किती आलं, बाहेर किती गेलं, याचा ताळा. तीस वर्षांपूर्वी, आपल्याच देशात, आपल्याएवढ्याच कारखान्यांत. त्यामुळे "हे आमच्यासाठी नाही" म्हणणाऱ्यांना उशीर झालाय.

बैठकीत दुसऱ्या एकानं जोड दिली होती, "नोंदी ठेवल्या की इन्स्पेक्टरच्या हातात कोलीत." हा आक्षेप खोटा नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग फॉर्म पाचमध्ये आहे आणि तो आपण वाचलेला नाही.

पर्यावरण संरक्षण नियमांतला फॉर्म पाच म्हणजे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचं पर्यावरण विवरण. १९९२ मध्ये तो आला तेव्हा त्याचं नाव 'पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल' होतं. वर्षभरात 'लेखापरीक्षण' गेलं, 'विवरण' उरलं. एवढ्यावरूनच पुढचं ओळखावं. त्याच्या भाग 'ब' मध्ये काय विचारलंय? तयार मालाच्या प्रत्येक एककामागे पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, मागच्या वर्षी किती आणि या वर्षी किती. घनकचऱ्याच्या भागात विचारलंय: कारखान्यात परत किती वापरला, विकला किती, फेकला किती. पुढं एका भागात चक्क हेही विचारलंय की प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा उत्पादन खर्चावर काय परिणाम झाला. हे इन्स्पेक्टरचे प्रश्न नाहीत, कॉस्टिंगवाल्याचे आहेत. कुठल्याही शहाण्या मालकानं मॅनेजरला दर महिन्याला विचारावेत असे. सरकारनं ते फुकट छापून दिले आणि आपण तीस वर्षं ते सल्लागाराकडे ढकलतोय.

सल्लागार काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीची फाइल उघडतो, तारीख बदलतो, आकडे थोडे वरखाली करतो. एका कारखान्याच्या सलग तीन वर्षांच्या विवरणांत टनामागची वाळू दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापर्यंत तीच मी पाहिली आहे. त्या तीन वर्षांत त्यांनी मोल्डिंगची पूर्ण लाइन बदलली होती! मंडळानं काही विचारलं नाही, कारण तिथंही कुणी वाचत नाही. मग इन्स्पेक्टरची भीती कशाची? खऱ्या नोंदीची भीती मुळात खोट्या नोंदीतून आलेली असते. वहीत १५ टन आणि विवरणात ६ टन असं असेल तर वही लपवावीशी वाटणारच.

वाळूवरून आठवलं. "वाया काही जात नाही" म्हणणाऱ्या प्रत्येक फौंड्रीवाल्याला मी दोनच चलनं मागतो, वर्षभरात आलेल्या नव्या वाळूची आणि बाहेर गेलेल्या जुन्या वाळूची. पहिली चलनं फाइलला व्यवस्थित लावलेली असतात. दुसऱ्यांचा पत्ता नसतो. गेटमधून आत आलेला प्रत्येक किलो कुठल्या ना कुठल्या रूपानं गेटबाहेर जातोच. पदार्थविज्ञान कुणाच्या ओळखीनं चालत नाही. वाळूचा ढीग कारखान्यात वाढला नसेल तर आत आली तेवढी बाहेर गेली. कुठं गेली ते बघायचं असेल तर संध्याकाळी वसाहतीच्या मागच्या बाजूच्या रस्त्यानं एकदा चालत जा. खड्ड्यांत, ओढ्याच्या कडेला जी काळी वाळू दिसते ती कुणाच्याच हिशेबात नाही. नवी वाळू विकत घेताना आपण पैसे मोजले, ती भाजली, तिच्यात बेंटोनाइट घातलं आणि मग ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन टाकून दिली. निम्मी जरी परत वापरात आणता आली तर किती वाचेल, हे मोजल्याशिवाय सांगताच येणार नाही. त्यामुळे वाळू सुधारण्याचं यंत्र घ्यावं की नाही, हा निर्णयही अंदाजपंचेच होतो.

विजेबद्दल एक आकडा आणखी. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर काढलेले १३,८०० युनिट म्हणजे महिन्याला जवळपास साडेनऊ टन. हा धूर मालकाच्या छपरातून निघत नाही, चंद्रपूर-कोराडीकडच्या चिमण्यांतून निघतो, म्हणून दिसत नाही एवढंच. युरोपनं सीमेवर कार्बनचा हिशेब मागायला २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरुवात केली. लोखंड-पोलादाच्या बऱ्याच वस्तू त्यात येतात, आणि निर्यातदाराकडे स्वतःचे खरे आकडे नसतील तर ठरावीक, चढे आकडे लावले जातात. इकडे सेबीनं मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना कचऱ्यासकट सगळी माहिती अहवालात द्यायला लावली आहे, आणि या कंपन्या तोच प्रश्न आपल्या पुरवठादारांना विचारू लागल्या आहेत. ज्यानं मोजलं नाही तो दुसऱ्यानं ठरवलेल्या आकड्याची किंमत मोजणार.

आता त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांचं जे बरोबर होतं ते कबूल करायला हवं, नाहीतर हा प्रतिवाद लबाडीचा होईल.

पुण्याचा तरुण जे विकत होता ते मला नको आहे. डब्याखाली सेन्सर, भिंतीवर पडदा, मोबाइलवर घंटी. ज्या कारखान्यात "बाद" म्हणजे काय यावरच तीन सुपरवायझरांची तीन मतं आहेत, तिथं सेन्सर लावून तीन मतांची सरासरी तेवढी मिळेल. आकड्यांचा धंदा करणारे फायद्याचे जे दाखले देतात तेही चिमटीत धरून घ्यावेत. अन्नाच्या नासाडीबद्दल २०१७ चा एक अहवाल नेहमी दाखवला जातो. १७ देशांतल्या ७०० कंपन्यांच्या सुमारे १,२०० ठिकाणांचा अभ्यास, आणि गुंतवलेल्या एका रुपयामागे १४ रुपये परत, असा त्याचा मध्यक. आकडा खोटा नाही. पण ज्यांनी मोजणी सुरू करून दोन महिन्यांत सोडून दिली ते अशा अहवालात कुठून येणार? चौदा पट कुणाला कबूल करू नका. दुप्पट मिळाले तरी बँकेपेक्षा बरेच आहेत.

आणि आकडा खोटं बोलतो, हेही खरं. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत प्लास्टिकच्या पुनर्वापराची जवळपास सहा लाख बोगस प्रमाणपत्रं सापडली. ज्या प्लास्टिकवर प्रक्रिया झालीच नाही त्याचे कागद विकले गेले होते. बनवणाऱ्यांत महाराष्ट्रातलीही मंडळी होती. फौंड्रीतली लबाडी इतकी मोठी नसते, पण जात तीच. रिजेक्शनच्या टक्क्याला बक्षीस लावा, आणि बघा काय होतं. तिसऱ्या पाळीत बाद नग वहीत न चढता गुपचूप भट्टीत जातील. भोकं भरून, रंग मारून माल गाडीत चढेल. टक्का खाली येईल, डेबिट नोटा वर जातील. हे मी घडताना पाहिलंय आणि त्या बक्षिसाच्या योजनेच्या कागदावर सल्ला देणारा म्हणून माझी सही होती. म्हणून आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो: बाद माल वहीत लिहिणाऱ्याला त्या लिहिण्याची शिक्षा होता कामा नये, बक्षीसही नको. आणि महिन्यातून एकदा भट्टीत गेलेलं एकूण लोखंड आणि गाडीत चढलेला एकूण माल यांचा ताळा मालकानं स्वतः घालावा. वही खोटं बोलत असेल तर या ताळ्यात पकडली जाते. साखर कारखान्याचा 'अज्ञात घट' हा रकाना त्याचसाठी आहे.

पण आकडा खोटा असू शकतो म्हणून आकडाच नको, हे तर्कट मला मान्य नाही. रोजकीर्दीत लबाडी होते म्हणून आपण रोजकीर्द बंद केली नाही. जुळणी कडक केली. रोखीच्या प्रत्येक रुपयाला दोन सह्या मागणारा मालक महिन्याला १५ टन माल तोंडी हिशेबावर सोडून देतो, त्याला काटकसर म्हणायचं का? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण दुसऱ्यांना फसवण्यापुरती ठीक आहे. स्वतःच्या मुठीत काय आहे ते निदान स्वतःला तरी माहीत असावं. वरच्या हिशेबात ती मूठ नुसत्या विजेपुरती वर्षाला चौदा लाखांची निघाली होती.

त्या दिवशी चहा घेताना ते गृहस्थ शेजारीच उभे होते. मी विचारलं, "अण्णा, तुमच्याकडं मागच्या महिन्यात बाद किती गेलं?" ते म्हणाले, "असंल पाच-सहा टक्के." मी म्हटलं, "पाच का सहा?" ते हसले. त्यांच्या उलाढालीत त्या एका टक्क्याची किंमत त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा जास्त आहे, हे मी मनातल्या मनात हिशेब करून ठेवलं होतं. बोललो नाही.

अण्णा, ३० सप्टेंबर जवळ आलाय. या वर्षी फॉर्म पाच सल्लागाराकडे पाठवायच्या आधी त्यातला भाग 'ब' तुम्ही स्वतः, स्वतःच्या वहीवरून भरून बघा. वही नसेल तर उद्या सकाळी घ्या, आणि खिळा फेटलिंगच्या टेबलाजवळच ठोका, ऑफिसात नको.